एडीएचडी असलेल्या मुलाचं पायलट मेडिकल: आधी कागद, मग फॉर्म

ऑक्टोबर 2020 मधल्या तीस गोळ्या मी साफ विसरले होते.

मुलाची एडीएचडीची (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाणं) गोळी आठवी संपल्यावर, जून 2020 मध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली, हे मी इतक्या जणांना सांगितलं होतं की ती तारीख माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ झाली होती. मग फार्मसीतून सगळ्या वर्षांची यादी छापून आणली. शेवटच्या पानावर सगळ्यात खाली एक ओळ होती: 14 ऑक्टोबर 2020, मिथिलफेनिडेट, 30 गोळ्या. मी ती ओळ बोट ठेवून तीनदा वाचली. मग हळूहळू आठवलं. नववीची शाळा घरून, लॅपटॉपसमोर. तो दिवसभर खुर्चीवर गोल गोल फिरायचा. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून गोळी परत सुरू केली होती. त्याची भूक मेली, म्हणून अडीच आठवड्यांत पुन्हा थांबवली आणि उरलेल्या गोळ्या पोलीस स्टेशनातल्या औषधांच्या पेटीत टाकून आलो.

पायलट मेडिकलसाठी, म्हणजे विमान चालवायला लागणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्रासाठी, हा अडीच आठवड्यांचा हिशेब फार मोठा ठरतो. मी जून लिहून मोकळी झाले असते, तर पुढे कुणीतरी तीच यादी मागवून विचारलं असतं की हे काय आहे. तेव्हा आपलं विसरणं आणि आपलं खोटं बोलणं यांतला फरक आपल्याला सिद्ध करता आला नसता.

आम्ही ओहायोत राहतो. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे कागदाची सवय आहे, तरीही ही चूक होणार होती. मुलाला 2014 मध्ये, तिसरीत असताना, एडीएचडीचं निदान झालं. तेराव्या वर्षी त्याने ‘यंग ईगल्स’ची फेरी केली. ईएए या संस्थेचे वैमानिक 8 ते 17 वयाच्या मुलांना फुकट विमानात फिरवून आणतात, तीच ही फेरी. सेसना 172 मधून उतरला तो पायलट व्हायचं ठरवूनच. मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, कारण घरी परतताना मोबाइलवर पहिलंच जे वाचलं ते हे होतं की एडीएचडी असेल तर मेडिकल मिळत नाही.

ते अर्धंच खरं आहे. मिळतं. वेळ लागतो, पैसे लागतात, आणि क्रम चुकला तर फार महागात पडतं. म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. हे सगळं एफएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी विमान वाहतूक खात्याच्या, मेडिकलबद्दल आहे. भारतात विमान चालवायचं असेल तर तिथल्या विमान वाहतूक खात्याचं, डीजीसीएचं, मेडिकल वेगळं, त्याचे नियम वेगळे. एकाचं प्रमाणपत्र दुसरीकडे चालत नाही. महाराष्ट्रातून इकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांनी दोन्हींचा विचार फी भरण्याआधी करावा.

एफएएला नेमकं काय हवं असतं

एफएएचे आक्षेप दोन आहेत. पहिला गोळ्यांबद्दल. अॅडरॉल, रिटॅलिन, कॉन्सर्टा, व्हायव्हान्स, आणि उत्तेजक वर्गात न मोडणारी स्ट्रॅटेराही, यांतलं काहीही चालू असताना मेडिकल मिळत नाही. दुसरा आजाराबद्दल. कॉकपिटमध्ये एकाच वेळी रेडिओ ऐकायचा, उंची बघायची, नकाशा बघायचा. यात लक्ष निसटतं का, हे त्यांना कागदावर हवं असतं. नुसतं ‘आता बरा आहे’ हे आईचं वाक्य किंवा फॅमिली डॉक्टरची चार ओळींची चिठ्ठी पुरत नाही.

ऑगस्ट 2023 पासून यासाठी दोन वाटा आहेत. एक ‘फास्ट ट्रॅक’: गेल्या 4 वर्षांत एडीएचडीची गोळी घेतलेली नाही, त्या 4 वर्षांत लक्षणांमुळे अभ्यासात, कामात किंवा वागण्यात अडचण आलेली नाही, आणि दुसऱ्या कुठल्या मानसिक आजाराचा इतिहास नाही, अशांसाठी. यात मानसशास्त्रज्ञाकडून सविस्तर तपासणी होते आणि सगळं नीट असेल तर एएमई, म्हणजे एफएएने नेमलेले डॉक्टर, स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकतात. दुसरी ‘स्टँडर्ड ट्रॅक’, बाकी सगळ्यांसाठी. ती लांब आणि खर्चिक आहे.

आता कळेल की ऑक्टोबरच्या त्या ओळीने काय केलं. आमची चार वर्षं जून 2024 ला पुरी होणार होती. ती पुढे गेली आणि नोव्हेंबर 2024 उजाडला. मुलगा हिरमुसला. मित्र उन्हाळ्यात सोलो उडत होते. पण पाच महिने थांबणं आणि स्टँडर्ड ट्रॅकला जाणं यांत थांबणं कितीतरी स्वस्त होतं. तेवढ्या काळात तो प्रशिक्षकाबरोबर उडतच होता. प्रशिक्षक शेजारी बसलेला असेल तर विद्यार्थ्याला मेडिकल लागत नाही, एकट्याने उडायचं तेव्हा लागतं. अकरा तास झाल्यावर आम्हीच थांबवलं, कारण मेडिकल मिळायच्या आत सगळे पैसे तिथे घालायचे नव्हते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मेडिकलसाठी चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्या मुलाला गोळीशिवाय गाडी चालवताना सिग्नल दिसत नाही, त्याची गोळी काढून त्याला आकाशात पाठवायची घाई कुणाच्याच हिताची नाही. आमच्या मुलाची गोळी बंद झाली ती डॉक्टरांनी त्याला गोळीशिवाय दोन उन्हाळे बघून, शिक्षकांकडून फॉर्म भरून घेऊन. विमानाचा विषय तेव्हा त्यांच्यासमोर नव्हताच. आणि तिसरी ते आठवी ती गोळी दिली याचा मला एक दिवसही पश्चात्ताप नाही. तिच्यामुळेच तो वाचायला शिकला.

कागद गोळा करणं

याला आम्हाला अडीच महिने लागले. सगळ्यात आधी हेच करा. एएमईची अपॉइंटमेंट नाही, ऑनलाइन फॉर्म नाही, आधी हे.

डॉक्टरांकडून पूर्ण रेकॉर्ड मागा, सारांश नको. निदान कुणी केलं, कशावरून केलं, कुठल्या चाचण्या घेतल्या, कुठली गोळी किती मिलिग्रॅम, कधी वाढवली, कधी बंद केली, हे सगळं त्यात असतं. फार्मसीची यादी स्वतंत्रपणे घ्या, कारण डॉक्टरांच्या नोंदीत ‘गोळी लिहून दिली’ एवढंच असतं. ती दुकानातून उचलली की नाही हे फार्मसीलाच माहीत. शाळेकडून गुणपत्रकं, आणि 504 प्लॅन किंवा आयईपी (अशा मुलांना शाळेत मिळणाऱ्या खास सोयींचे कागद) असेल तर त्याची प्रत. बीएमव्हीकडून, म्हणजे इथल्या आरटीओकडून, ड्रायव्हिंग रेकॉर्ड. मुलगा कुठे नोकरी करत असेल तर तिथल्या साहेबांचं पत्र. आमच्याकडे प्रशिक्षकाचं पत्र होतं, ते फार कामाला आलं.

मग चहा घेऊन बसा आणि प्रत्येक पान वाचा. खरंच प्रत्येक. आमच्या फाइलमध्ये 2016 च्या एका भेटीच्या नोंदीत ‘अँग्झायटी’ असा शब्द होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्या वर्षी आजोबा गेले होते, मुलगा रात्री झोपत नव्हता. डॉक्टरांनी शक्यता म्हणून लिहिलं, पुढच्या भेटीत तो विषयच नाही. पण वाचणाऱ्या अनोळखी माणसाला ते दुसरं निदान वाटू शकतं, आणि दुसरं निदान म्हणजे फास्ट ट्रॅकचं दार बंद व्हायची वेळ. मी त्याच डॉक्टरांकडून पत्र घेतलं: असं निदान कधी केलेलं नाही, त्यासाठी कधी उपचार दिलेले नाहीत. तीन ओळींचं पत्र, पण ते त्या पानाला टाचूनच गेलं.

504 प्लॅनचीही अशीच गंमत नसलेली गोष्ट. परीक्षेला जादा वेळ मिळण्याची सोय त्याने नववीपासून वापरलीच नव्हती, पण कागदावर ती दहावी संपेपर्यंत चालू राहिली, कारण ती बंद करा असं आम्ही कधी कळवलंच नाही. म्हणजे आमच्या चार वर्षांच्या आतच. शाळेच्या समुपदेशक बाईंनी लिहून दिलं की या काळात त्याने ती सोय एकदाही मागितली नाही. मुलं मोठी होताना शाळेच्या अशा कागदांकडे लक्ष ठेवा. लागत असेल तर सोय जरूर घ्या, लागत नसेल तर रीतसर बंद करा.

निदान भारतात झालं असेल तर काम जरा अवघड. केसपेपर कुणी जपून ठेवत नाही, चिठ्ठीवर तारीख असलीच तर अर्धी पुसलेली. त्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, निदानाची तारीख, औषधाचं नाव, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख एवढं लिहून सही-शिक्का घ्या. सुट्टीत भारतात गेलात की स्वतः जाऊन घ्या. फोनवर ‘पाठवतो’ म्हटलेलं पत्र येत नाही.

‘लहानपणचं कोण विचारतंय?’

हे मला साताऱ्याहून सासूबाईंनी विचारलं. ‘अगं, तिसरीतली गोष्ट. आता एवढा घोडा झालाय. सांगायचं कशाला?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे डोक्याच्या औषधाचा विषय निघाला की घराची दारं लावून घ्यायची रीतच आहे. लग्नात अडेल, नोकरीत अडेल. मी त्यांना म्हटलं, ‘आई, फॉर्मवर शब्द आहे “आयुष्यात कधीही”. तिसरीही आयुष्यातच येते.’

मेडिकलच्या अर्जाच्या, म्हणजे फॉर्म 8500-8 च्या, 18 व्या रकान्यात तसंच विचारलेलं असतं, आणि मानसिक आजारांचा प्रश्न तिथेच येतो. खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याच फॉर्मवर छापलेलं असतं. आणि हे नुसतं छापण्यापुरतं नाही. 2023 मध्ये सुमारे 4,800 वैमानिकांची चौकशी चालू असल्याचं बाहेर आलं. माजी सैनिक म्हणून आजारपणाचा भत्ता घेतला होता, पण तो आजार एफएएला सांगितला नव्हता, असा त्यांच्यावर संशय होता. दोन सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या, एवढंच झालं होतं.

पण दंडाच्या भीतीपेक्षा मला दुसरं वाटत होतं. हा मुलगा पुढची चाळीस वर्षं दर मेडिकलला तोच फॉर्म भरणार. पहिल्या दिवशी लपवलं तर दर वेळी लपवावं लागेल. इतकं ओझं मी त्याला अठराव्या वर्षी देणार नव्हते.

एएमईकडे पहिली भेट, नंबर न देता

एफएएच्या मेडएक्सप्रेस या साइटवर फॉर्म भरून पाठवला की एक कन्फर्मेशन नंबर मिळतो. तो नंबर एएमईला दिला आणि त्यांनी आपल्या सिस्टिममध्ये टाकला की तपासणी अधिकृतपणे सुरू झाली. तिथून माघार नाही. डॉक्टरांना तीनच गोष्टी करता येतात: प्रमाणपत्र देणं, प्रकरण एफएएकडे सोपवणं, किंवा नकार. नंबर दिलाच नाही तर तो अर्ज 60 दिवसांनी आपोआप पुसला जातो.

आणि नकाराचा फटका मेडिकलपुरता थांबत नाही. इथे स्पोर्ट पायलट हा साधा परवाना असलेल्याला छोटी विमानं नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर चालवता येतात, मेडिकल लागत नाही. पण शेवटचा मेडिकल अर्ज नाकारला गेला असेल तर ही वाटही बंद. उरतात ग्लायडर आणि बलून. म्हणजे ‘बघू, अर्ज तर टाकू’ म्हणत गेलेल्या मुलाच्या हातून, कधी अर्जच न केलेल्या मुलाकडे असलेली वाटही जाते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिली भेट फक्त सल्ल्याची मागा. फोनवरच स्पष्ट सांगा: तपासणी नको, फाइल बघायची आहे, तुमची फी देऊ. सगळे एएमई या प्रकरणात पडत नाहीत. आम्ही तिघांना फोन केले. एकाने एडीएचडी शब्द ऐकताच ‘सरळ या, मी एफएएकडे पाठवून देतो’ म्हटलं. त्यांच्याकडे गेलो नाही. तिसऱ्या एएमई, एक बाई, त्यांनी तासभर फाइल चाळली, फार्मसीची यादी आणि डॉक्टरांचं रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवल्या, आणि म्हणाल्या, ‘नोव्हेंबरनंतर मानसशास्त्रज्ञांकडे जा. रिपोर्ट माझ्याकडे पाठवा. मी सांगेन तेव्हा फॉर्म भरा.’ असा डॉक्टर मिळेपर्यंत शोधत राहा. एओपीए या वैमानिकांच्या संघटनेचे सभासद असाल तर त्यांच्या मेडिकल विभागालाही फोन करून विचारता येतं. तिथल्या माणसांना रोज हेच प्रश्न येतात.

तपासणीचा दिवस

डिसेंबर 2024, कॉलेजची सुट्टी. कुठलाही मानसशास्त्रज्ञ चालत नाही. एफएएच्या साइटवर फास्ट ट्रॅकचा कागद आहे, त्यात तपासणी कुणी करायची आणि अहवालात काय काय हवं ते लिहिलेलं आहे. तो छापून त्यांच्या हातात द्या आणि असे अहवाल आधी लिहिलेत का, विचारा. विमा यातलं काही देत नाही, कारण हा उपचार नाही. आमचे एकूण साधारण दोन हजार डॉलर गेले, ते सगळे खिशातून.

मुलगा आत जवळजवळ तीन तास होता. नंतर मला एकटीला बोलावलं, कारण जवळच्या माणसाकडूनही ऐकायचं असतं. मी घरून उत्तरं घोकून गेले होते, गुण, नोकरी, सगळं. त्यांनी विचारलं, ‘गेल्या वर्षभरात तो काय काय विसरला?’

मी क्षणभर थांबले. ‘काही नाही’ म्हणायचा मोह झाला. मग खरं ते सांगितलं. जॅकेट लायब्ररीत विसरला, दोन दिवसांनी जाऊन घेऊन आला. एकदा गाडीत पेट्रोल भरायचं विसरला आणि कामावर उशिरा पोचला. त्यानंतर दर रविवारी रात्री टाकी भरतो, सांगावं लागत नाही. त्या लिहीत होत्या. मग विचारलं, ‘हे रविवारचं कुणी सुचवलं?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही, त्याचं त्यानेच.’ अहवालात ते वाक्य आलं होतं. जो मुलगा काहीच विसरत नाही त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? विसरल्यावर तो काय करतो, हे त्यांना बघायचं असतं. त्या खोलीत आई म्हणून वकिली करू नका.

मुलालाही मी एवढंच सांगितलं होतं: आदल्या रात्री झोप, सकाळी खाऊन जा, समजलं नाही तर पुन्हा विचार. चाचण्यांची तयारी करून जायचा प्रयत्न करू नका. तुमची खरी क्षमता मोजायची असते, आणि घोकलेलं त्यांना ओळखू येतं.

फास्ट ट्रॅकमध्ये बसत नसाल तर

आमच्याबरोबर फ्लाइट स्कूलला असलेला एक मुलगा बारावीपर्यंत गोळी घेत होता. त्याची वाट स्टँडर्ड ट्रॅकची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद करून किमान 90 दिवस झाल्यावर तपासणी, तीही वैमानिकांच्या अशा तपासण्यांसाठी असलेल्या एफएएच्या एचआयएमएस यादीतल्या न्यूरोसायकॉलॉजिस्टकडेच (मेंदूच्या कामाच्या चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ). चाचण्यांचा मोठा संच, त्यात ‘कॉगस्क्रीन’ ही कॉम्प्युटरवरची चाचणी असते. आकडे उलटे म्हणणं, चिन्हं जुळवणं, दोन कामं एकाच वेळी. त्यात तुलना सर्वसामान्य माणसांशी होत नाही, वैमानिकांशी होते, म्हणून कठीण. शरीरात उत्तेजक औषध नाही हे दाखवायला चाचण्यांनंतर 24 तासांच्या आत लघवीची तपासणी. मग एएमई सगळं एफएएकडे पाठवतात, ओक्लाहोमा सिटीला, आणि वाट बघायची. त्याला कित्येक महिने लागले, पण मिळालं. ज्यांची शेवटची गोळी दोन-तीन वर्षांपूर्वीची आहे आणि घाई नाही, त्यांनी माझं ऐकाल तर चार वर्षं होऊ द्यावीत.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

जानेवारी 2025 मध्ये एएमई बाईंचा फोन आला, रिपोर्ट ठीक आहे, आता फॉर्म भरा. 18 व्या रकान्यात ‘हो’, आणि खुलाशात चार ओळी: 2014 मध्ये निदान, औषधाचं नाव, शेवटची गोळी ऑक्टोबर 2020, कागद सोबत. त्या चार ओळी मुलानेच लिहिल्या. डोळे, कान, रक्तदाब या बाकीच्या तपासणीला अर्धा तासही लागला नाही. थर्ड क्लासचं, म्हणजे खासगी उड्डाणाला पुरणारं, प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळालं. चाळिशीच्या आत ते 60 महिने चालतं. एअरलाइनमध्ये जायचं मनात असेल तर त्यासाठी लागणाऱ्या फर्स्ट क्लासचीच तपासणी करून घ्यावी का, हे एएमईला पहिल्या भेटीतच विचारा. लाखभर डॉलर प्रशिक्षणात घातल्यावर विचारायचा हा प्रश्न नाही.

पुढच्या वेळी त्याच रकान्यात पुन्हा ‘हो’च लिहायचं. काही बदललं नसेल तर ‘पूर्वी कळवले आहे, बदल नाही’ असं लिहिलं की पुरतं. म्हणून जे पाठवलं त्याची पानन्‌पान प्रत ठेवा. आमच्या फाइलची एक प्रत माझ्याकडे, एक त्याच्या हॉस्टेलच्या खोलीत.

आणि हॉस्टेलचा विषय निघालाच आहे तर. परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजमध्ये मुलं एकमेकांना अॅडरॉल देतात. ते बेकायदा आहेच, पण आपल्या मुलाच्या बाबतीत एका गोळीने चार वर्षांचा हिशेब पुन्हा शून्यावर येतो. हे त्याला मी एकदा सांगितलं, मग त्याच्या प्रशिक्षकाला सांगायला लावलं, कारण या वयात आईचं ऐकू कमी येतं. आणि उद्या खरंच गरज वाटली तर? तर डॉक्टरांकडे जायचं, गोळी घ्यायची, आणि ती घेत असेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. मेडिकलची मुदत बाकी असली तरी नाही. यावर आमचं स्वयंपाकघरात बसून बोलणं झालं आहे, पहिल्या सोलोच्या आदल्या रात्री.